नाकाला सवय होते तेव्हा

(मंडळाच्या श्रावण व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी दाखवलेले प्रयोग वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहिले आहेत.)



आम्ही दोघे बोलणार आहोत, पण भाषण एकच आहे. आमच्यापैकी एकाची सगळी नोकरी शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली आणि दुसरीची शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात. त्यामुळे उपकरणांची माहिती एकाकडे आणि ती सोपी करून सांगण्याचे काम दुसरीकडे, अशी वाटणी घरातच झाली आहे.

विषय सुचला तो कार्यकारिणीच्या बैठकीत. गणेशोत्सवाआधी आपल्या सभागृहाला रंग द्यायचा आहे आणि वाचनालयासाठी प्लायवूडची नवी कपाटे करायची आहेत. रंगाचा वास पुरता जायच्या आत याच सभागृहात मुलांच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात. तेव्हा एका सभासदांनी सुचवले की भिंतीवर हवेचा मीटर बसवावा. बाजारात मिळतो, पडद्यावर आकडा दिसतो, हवा वाईट झाली की दिवा लाल होतो. आणि दुसऱ्या एका ताईंनी विचारले, हा मीटर खरे सांगतो का, आणि दोन वर्षांनी बंद पडला की टाकायचा कुठे? या दोन प्रश्नांना उत्तर देण्यासाठी आज आम्ही उभे आहोत.

बडोदेकरांना रसायनशास्त्र परके नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले, तिथे रंगाई आणि रसायनविद्या शिकवली जाऊ लागली. प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि राजमित्र अमीन यांनी १९०७ साली अलेंबिक कारखाना उभारला. अलेंबिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचे जुने भांडे. त्यात द्रव तापवायचा, वाफ वर चढू द्यायची आणि ती थंड करून पुन्हा धरायची. पुढे १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि आपल्या किती घरांतली माणसे त्या पट्ट्यात नोकरीला गेली, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. आजचा विषय अशाच वाफेचा आहे, पण भांड्यात न धरता हवेत निसटलेल्या.

काही द्रव उघडे ठेवले की उकळी न येताच उडून जातात. पेट्रोल, थिनर, स्पिरिट, नखांचे पॉलिश काढायचे ॲसिटोन, ट्यूब चिकटवायचे सोल्यूशन हे सगळे त्यातले. कापूर आणि डांबराच्या गोळ्या तर घन असून हवेत विरतात. कार्बनवर आधारलेल्या आणि साध्या तापमानाला सहज वाफ होणाऱ्या अशा पदार्थांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना व्हीओसी म्हणायची पद्धत पडली आहे, आम्हीही तेच म्हणू. सगळे व्हीओसी वाईट नसतात. हापूसचा घमघमाट, जाईचा सुवास, फोडणीत पडलेल्या कढीपत्त्याचा वास हे सगळे व्हीओसीच. वाईट त्यातले काही आहेत. बेंझिन दीर्घकाळ श्वासात गेले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. प्लायवूडच्या आणि तत्सम बोर्डांच्या डिंकातून निघणारे फॉर्मल्डिहाइड डोळे आणि घसा चुरचुरवते आणि कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर एखादे रसायन नव्हे, रंगाऱ्याचा व्यवसायच त्या पहिल्या गटात घातला आहे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचे आहे.

आता कोणी म्हणेल, मीटर कशाला, देवाने नाक दिले आहे. नाक खरोखर थोर उपकरण आहे. पण त्याच्या दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव अशी की वास आणि अपाय यांचा मेळ बसत नाही. आपल्या घरगुती गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो शंभर कोटी भागांत एक भागापेक्षाही कमी असला तरी नाकाला कळतो. ही काळजी जगाने फार मोठी किंमत देऊन शिकली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमधील न्यू लंडन गावात शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू साठला. वास नसल्याने कोणालाच कळले नाही. स्फोटात तीनशेच्या आसपास माणसे गेली, त्यात बहुतेक मुले होती. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. बेंझिनचे उलटे आहे. त्याला गोडसर वास आहे, पण तो फार उशिरा येतो. आपल्या देशाने २००९ साली ठरवलेल्या मानकाप्रमाणे हवेत बेंझिनची वर्षभराची सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. नाकाला बेंझिनचा वास येतो तेव्हा प्रमाण याच्या शेकडो पटींनी वर गेलेले असते.

दुसरी उणीव सवयीची. अगरबत्ती लावलेल्या खोलीत बाहेरून आलेल्याला वास येतो, आत बसलेल्याला दहा मिनिटांनी येत नाही. अगरबत्ती तशीच जळत असते, नाकाने कळवणे बंद केलेले असते. शहरातल्या रंगारी भावांना आम्ही अनेकदा विचारले आहे की बंद खोलीत थिनरचा त्रास होत नाही का. उत्तर एकच येते, "बेन, टेव पडी गई छे." सवय झाली आहे. सवय नाकाला झालेली असते. फुप्फुसाला, यकृताला आणि रक्ताला अशी सवय होत नाही.

माणसाच्या ज्ञानेंद्रियांवर भरवसा ठेवला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातले आहे. भोपाळच्या कारखान्यातले मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळणारे, म्हणजे अतिशय बाष्पनशील. तिथे गळती झाल्याचे बहुधा कळत असे ते कामगारांचे डोळे चुरचुरून पाण्याने भरले की. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीही आधी डोळ्यांनीच सांगितले होते. डोळ्यांच्या सांगण्याला आकडा नव्हता, म्हणून ते गंभीरपणे घेतले गेले नाही. सेन्सर हवा तो यासाठी. तो घाबरत नाही, त्याला सवय होत नाही आणि त्याने सांगितलेले लिहून ठेवता येते.

आता सेन्सर काम कसा करतो ते पाहू. घराघरांत पोहोचलेला पहिला सेन्सर जपानचा. तिथे घरगुती गॅसचे स्फोट होत असत, म्हणून नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये एका उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६८ च्या सुमारास ते बाजारात आले. त्यात टिन ऑक्साइडचा एक थर असतो आणि खाली छोटा हीटर. थर दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापवतात. तापल्यावर हवेतला प्राणवायू त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विजेला वाट मिळत नाही. मग थिनरची वाफ आली की ती त्या प्राणवायूशी जळते. धरलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज सहज वाहू लागते. वीज किती वाढली त्यावरून वाफ किती ते काढायचे. आज बाजारातल्या स्वस्त मीटरांत बहुतेक वेळा याच तत्त्वाची धाकटी भावंडे बसवलेली असतात.

हे काम चोख चालते, पण त्याचा खर्च तीन ठिकाणी होतो.

पहिला खर्च विजेचा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा हीटर पाऊण वॅटच्या आसपास वीज घेतो. घरच्या बिलात ते वर्षाला साडेसहा युनिट, म्हणजे काहीच नाही. पण रंगाऱ्याच्या खिशात किंवा शेताच्या बांधावर प्लग नसतो. एका पेन्सिल सेलमध्ये साधारण पावणेचार वॅट-तास वीज असते. हीटर तो पाच तासांत संपवील. नव्या सूक्ष्म हीटरना १५ मिलीवॅटच्या आसपास पुरतात, मग तोच सेल दहा दिवस जातो. तापवणेच लागले नाही तर सेल आपोआप म्हातारा होईपर्यंत पुरेल. संशोधकांची धडपड साध्या तापमानाला काम करणाऱ्या सेन्सरसाठी आहे ती यामुळेच.

दुसरा खर्च वस्तूंचा. संवेदना वाढवण्यासाठी प्लॅटिनम, पॅलेडियम असे धातू कणाकणाने वापरतात. खाली काचतंतू आणि इपॉक्सीची पाटी, वर प्लॅस्टिकची पेटी. इतक्या थोड्या प्रमाणात मिसळलेला धातू परत काढणे परवडत नाही.

तिसरा खर्च शेवटचा, म्हणजे टाकून देण्याचा. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात गेल्याची नोंद आहे. हवा स्वच्छ आहे का ते पाहण्यासाठी आणलेली पेटी शेवटी भंगारवाल्याकडे गेली आणि तिची पाटी उघड्यावर जाळली गेली, तर तीच पेटी दुसऱ्या कोणाच्या हवेत विष सोडणार.

हा विचार आपल्याला नवा नाही. मूर्ती शाडूची की प्लास्टरची, हा वाद आपण याच सभागृहात घातला आहे. त्या वादाचे सार एवढेच होते की विसर्जनाचा हिशेब मूर्ती आणतानाच करायचा. पर्यावरणस्नेही सेन्सर बनवणाऱ्यांनी हाच हिशेब उपकरणाला लावला आहे. ते चार प्रश्न विचारतात. कशाचा बनला आहे? चालताना किती वीज खातो? काम संपल्यावर कुठे जातो? आणि चौथा, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, तो खरे सांगतो का?

पहिल्या प्रश्नाची उत्तरे मोठी मनोरंजक आहेत. कागद घ्या. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. तो स्वस्त आहे, सच्छिद्र आहे म्हणून वाफ आत शिरते, आणि मातीत कुजतो. त्यावर वीज वाहून नेणारा कार्बन पसरला की निम्मा सेन्सर तयार. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसन मिळते, रेशमापासून फायब्रॉइन. त्यांचे पातळ पापुद्रे वाफा शोषतात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली पाव, बटाटा आणि नारळ यांच्यावर लेझर फिरवून त्यांच्या पृष्ठभागावर ग्राफीनच्या रेघा उमटवून दाखवल्या. ग्राफीन हे कार्बनचे अतिशय पातळ आणि वीजवाहक रूप. म्हणजे पूजा झाल्यावर उरलेल्या करवंटीवर तारा छापता येतील, अशी ही गोष्ट.

अशा सेन्सरमध्ये वाफ कशी कळते? साबुदाणा आठवा. पाणी शिरले की तो फुगतो आणि दाणे एकमेकांना ढकलतात. तसे एखाद्या मऊ पॉलिमरमध्ये कार्बनचे कण कालवून पापुद्रा करतात. कण एकमेकांना टेकलेले असतात म्हणून त्यातून वीज जाते. टोल्युइनची वाफ आत शिरली की पॉलिमर फुगतो, कण दूर होतात, विजेला अडथळा वाढतो. खोलीतली हवा बदलली की वाफ निघून जाते आणि पापुद्रा पुन्हा आक्रसतो. हीटर नाही, मौल्यवान धातू नाही. वेगवेगळ्या पॉलिमरचे आठदहा पापुद्रे शेजारी ठेवले तर प्रत्येक जण निरनिराळा फुगतो आणि त्या नक्षीवरून वाफ कोणती याचा अंदाज बांधता येतो.

आणि एक प्रकार असा आहे की त्याला वीजच लागत नाही. मुलांनो, हा प्रयोग तुमच्यासाठी. आम्ही गाळणकागदावर लाल जास्वंदाच्या पाकळ्या चोळून पट्ट्या वाळवून आणल्या आहेत. जांभळट दिसताहेत. या बाटलीत चुना आणि नवसागर एकत्र केला आहे, त्यातून अमोनिया निघतो. पट्टी किंचित ओली करून तोंडाशी धरू. पाहा, हिरवी झाली. लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी. जास्वंदात अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य असते, ते आम्ल आणि अल्कली यांप्रमाणे रंग बदलते. अमोनिया सेंद्रिय नाही, पण त्याची सेंद्रिय चुलत भावंडे आहेत, त्यांना अमाइन म्हणतात. समुद्राची मासळी शिळी होऊ लागली की तिच्यातून ट्रायमिथाइल अमाइन निघते. तोच तो खवट वास. म्हणून मासळीच्या डब्यात जास्वंदाच्या किंवा लाल कोबीच्या रंगाची पट्टी लावून ताजेपणा ओळखायचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले आहेत. हळदीचेही तसेच, तिचे चुन्याबरोबर कुंकू होते हे आपल्या आज्यांना माहीत होते. बाप्पाच्या आवडीचे फूल, वीज शून्य, आणि काम झाले की कुंडीतल्या मातीत.

इथवर सगळे गोड आहे. पण आम्ही प्रयोगशाळेत आणि वर्गात आयुष्य काढलेली माणसे, तेव्हा दुसरी बाजू सांगितल्याशिवाय बसता येणार नाही.

पहिली अडचण पापडाची. श्रावणात डबा उघडा राहिला की पापड सादळतो. कागद, कायटोसन, रेशीम हे सगळे पापडाचे भाऊबंद आहेत. हवेतले पाणी तेही शोषतात. कागदी सेन्सरला श्रावणसरीची दमट हवा आणि थिनरची वाफ यांतला फरक सहज कळत नाही. वर पाण्याला हटवणारा थर द्यायचा, शेजारी दमटपणा मोजणारा दुसरा सेन्सर ठेवून वजाबाकी करायची, असे उपाय आहेत. पण बडोद्याच्या मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये सारखाच वागणारा कागदी सेन्सर हे अजून अवघड काम आहे. मातीत सहज कुजते ते हवेतही लवकर थकते. या स्वभावाला औषध नाही, मर्यादा ओळखून वापरणे एवढेच हाती आहे.

दुसरी अडचण ओळखीची. जास्वंदाची पट्टी अमाइन ओळखते, पण बेंझिन आणि टोल्युइन ही आम्लही नाहीत आणि अल्कलीही नाहीत. त्यांच्यापुढे ती ढिम्म राहते. तापवलेल्या टिन ऑक्साइडचे उलटे, त्याला जवळजवळ सगळेच कळते पण कोण ते कळत नाही. हे दाखवायला आम्ही ओळखीच्यांकडून एक घरगुती मीटर मागून आणला आहे. आता त्याच्याशेजारी संत्रे सोलतो. आकडा चढला आणि दिवा लाल झाला. संत्र्याच्या सालीतून लिमोनिन निघाले, बाकी काही नाही. हात धुवायच्या सॅनिटायझरने तो याहून घाबरेल. आरतीच्या कापरानेही. आणि बेंझिन ५ मायक्रोग्रॅमचे पन्नास झाले तर हा बहुतेक स्वस्थ बसेल, कारण इतक्या बारीक प्रमाणात एकट्या बेंझिनला वेगळे काढणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पडद्यावरचा आकडा हा सगळ्या वाफांचा मिळून केलेला अंदाज असतो. हवा आत्ता तासाभरापूर्वीपेक्षा जड झाली की हलकी, एवढेच त्याला विचारावे.

तिसरी अडचण अशी की सेन्सरलाही एका अर्थी म्हातारपण येते. त्याचा शून्य हळूहळू सरकतो. खिडकीच्या फटीत भरायच्या सिलिकोनची वाफ टिन ऑक्साइडवर बसली तर तो कायमचा मंद होतो. म्हणून वर्षातून एकदा तरी माहीत असलेल्या वाफेपुढे धरून त्याची परीक्षा घ्यावी लागते. परीक्षा न घेतलेला सेन्सर हिरवा दिवा लावून बसला तर तो नसण्यापेक्षा वाईट. नाकाला निदान आपण विचारतो तरी. दिवा हिरवा दिसला की माणूस खिडकी उघडायचेही थांबतो.

चौथी अडचण खुद्द पर्यावरणस्नेही या शब्दाची आहे. सेन्सरचा जो भाग कागदाचा किंवा करवंटीचा असतो तो नखाएवढा. बाकी पाटी, बॅटरी, पडदा, वाय-फाय हे सगळे पूर्वीचेच. वाय-फाय तर सेन्सरपेक्षा जास्त वीज खाते. तेव्हा खोक्यावर हिरवे पान छापले आहे एवढ्यावर भुलू नये. आम्हाला यातली जी रचना सर्वांत पटते ती निरांजनासारखी आहे. निरांजन पिढ्यान्‌पिढ्या राहते, वात रोज नवी. तशी मोजणारी पेटी पक्की असावी, उघडून दुरुस्त करता येणारी असावी, आणि कागदी पट्टी वातीसारखी बदलता यावी. सादळली, काढली, मातीत टाकली, नवी लावली. पट्टी अल्पायुषी असली तरी मग बिघडत नाही. आज काही संशोधन याच दिशेने चालले आहे, आणि इथल्या मुलांपैकी कोणाला विज्ञानाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्यावा. दमट हवेत टिकणारी पट्टी ज्याला जमेल, त्याच्या दाराशी कारखानदार उभे राहतील.

आता आपल्या सभागृहाकडे येऊ. आमची सूचना अशी.

मीटर घ्यायला हरकत नाही, पण न्यायाधीश म्हणून घेऊ नये, पहारेकरी म्हणून घ्यावा. विकत घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. आतला सेन्सर वेगळा बदलता येतो का, तपासणी कोण करून देईल, आणि जुना झाल्यावर विकणारा परत घेईल का. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर ठेवली आहे, तेव्हा हा प्रश्न विचारणे आपला हक्क आहे. बेंझिन किंवा फॉर्मल्डिहाइड खरोखर किती आहे हे जाणून घ्यायचे असेल तर भिंतीवरचा मीटर उपयोगाचा नाही. त्यासाठी शोषक भरलेली छोटी नळी किंवा बिल्ला मिळतो. बेंझिनसाठी त्यात कोळसा असतो, फॉर्मल्डिहाइडसाठी वेगळे रसायन. तो ठरलेला वेळ खोलीत टांगायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. त्याला वीज लागत नाही, आवाज नाही, दिवा नाही, पण उत्तर नेमके मिळते. खरे तर पर्यावरणस्नेही सेन्सरांतला हा जुना आणि खात्रीचा मोहरा आहे.

पण मोजल्याने हवा शुद्ध होत नाही. हवा शुद्ध होते ती खिडकी उघडल्याने. म्हणून रंगकाम उत्सवाच्या आदल्या आठवड्यात न करता निदान तीनचार आठवडे आधी संपवावे. भिंतींना पाण्यात कालवायचा, कमी व्हीओसी लिहिलेला रंग घ्यावा. कपाटांचे प्लायवूड कमी फॉर्मल्डिहाइडच्या प्रतीचे मागावे, कडा उघड्या ठेवू नयेत, आणि कपाटे काही दिवस गच्चीच्या छपरीत दारे उघडी ठेवून वाफा जाऊ द्याव्यात. मुलांच्या तालमी तोवर अंगणात घ्याव्यात. मीटर असेल तर तालमीच्या आधी आणि नंतर आकडा वहीत लिहावा. दिवसेंदिवस तो उतरत गेला पाहिजे.

आणि शेवटी ज्याच्याकडे यायचे म्हटले होते तो रंगारी. तालमीला मुले दोन तास येतील. आपण आरतीला अर्धा तास येऊ. दारे-खिडक्यांना तेलरंग लावणारा माणूस मात्र दहा दिवस, दिवसाला आठ तास त्या वाफेत उभा राहणार आहे, आणि धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद ठेवा असे सांगणारेही बहुधा आपणच असणार. तो तोंडाला रुमाल बांधतो. रुमालाने धूळ थोडीफार अडते, वाफ अजिबात अडत नाही. करोनाच्या काळातले एन ९५ मास्कही वाफ अडवत नाहीत. वाफ अडवतो तो सक्रिय कोळशाचा डबा लावलेला मास्क, आणि तो कोळसा अनेकदा नारळाच्या करवंटीचाच असतो. त्याचे डबे वेळेवर बदलावे लागतात, एवढेच. आमची कार्यकारिणीला विनंती आहे की मीटरच्या आधी असे दोन मास्क आणि त्यांचे जादा डबे खरेदी करावेत, दोन मोठे पंखे खिडकीत बाहेरच्या दिशेने लावावेत, आणि रंगकामाच्या ठरावात ओळ घालावी की खिडक्या उघड्या ठेवून काम होईल, धूळ बसली तर मंडळ पुसून घेईल. पुसायला आम्ही दोघे येऊ. आणखी चारजण हात वर करतील अशी खात्री आहे.

मीटर आणलाच, तर त्याची पहिली जागा सभागृहाच्या भिंतीवर नसावी. रंगकाम चालू असताना तो रंगाऱ्याच्या शिडीजवळ ठेवावा. वाफ सर्वांत जास्त तिथे असते, आणि वासाची सवय झालेले नाकही तिथेच असते. आकडा वर गेला की काम थांबवून त्या माणसाला बाहेर चहाला बोलवायचे. एवढे झाले तर मीटरचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.

 ज्यांना पट्ट्या करायला शिकायच्या असतील त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडे यावे, फुले मात्र आपापल्या बागेतली आणावीत.

गणपती बाप्पा मोरया!